पुढे आलेला हात

रविवारी दुपारचा चहा झाला की धारवाडच्या सप्तापुरातल्या त्या घरात दोन बायका आरशासमोर उभ्या राहत आणि तिसरी त्यांच्याकडे पाठ करून मेथी निवडत बसे. आरशासमोरची एक शुभांगी. कॉलेजात कॉमर्स शिकवणारी, आणि आपलं म्हणणं समोरच्याला पटलं आहे हे समोरच्याच्या आधी जिला कळतं अशी. दुसरी तिची नणंद यमुना. आणि पाठ करून बसलेल्या त्या कौसल्याबाई, शुभांगीच्या सासूबाई आणि यमुनेची आई.

यमुनेचा नवरा अचानक गेला तेव्हा तिची पस्तिशीही उलटली नव्हती. ती माहेरी आली आणि आल्या दिवसापासून जिथे भिंत असेल तिथे भिंतीला टेकून बसू लागली. कौसल्याबाईंना त्यात वावगं दिसलं नाही. अळणावरजवळच्या त्यांच्या खेड्यात अशा बायका तशाच बसतात. शुभांगीला मात्र ते बघवेना. तिने खटपट करून यमुनेला एका खासगी कॉलेजच्या ग्रंथालयात मदतनिसाचं काम मिळवून दिलं. मग एका रविवारी तिचा हात धरून तिला आपल्या मंडळात नेलं.

हे मंडळ जोडीने नाचणाऱ्यांचं. सालसा, बचाटा असली परदेशी नावं, एक पुरुष आणि एक बाई समोरासमोर, हातात हात. गाण्यासाठी जीव टाकणाऱ्या धारवाडात हे खूळ शुभांगीनेच आणलं. पुण्यात एका सुट्टीत ती शिकून आली आणि युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावरच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये तिने मंडळ सुरू केलं. प्राध्यापक, बँकेतले लोक, दुकानदार, गृहिणी असे सगळे येऊ लागले. तिचा नवरा उमेश फक्त येत नसे. "मला जमिनीवर दोन पाय पुरतात," असं म्हणून तो घरी पेपर वाचत बसे.

परपुरुषाचा हात धरायचा म्हटल्यावर गावात कुजबुज होणारच. त्यावर शुभांगीने एक तोड काढली होती आणि तिचा तिला फार अभिमान होता. मंडळात कुणी कुणाला नुसत्या नावाने किंवा सर-मॅडम म्हणायचं नाही. सगळे पुरुष अण्णा, सगळ्या बायका अक्का, वयाने लहान असेल तर तंगी. नातं लावून मोकळं व्हायचं. कौसल्याबाईंनी यमुनेला पाठवायला रुकार दिला तो ह्याच एका गोष्टीवर. "सगळ्यांना अण्णा म्हणतात नव्हं? मग जा बाई. अण्णाबरोबर नाचलीस तर कोण काय म्हणंल?" त्या म्हणाल्या होत्या. मात्र नाचायला निघताना मुलीकडे बघणं त्यांना जमलं नाही ते नाहीच. म्हणून ती पाठ, आणि ती मेथी.

मंडळाचा दुसरा नियम ह्याहून मोठा होता. पुढे आलेला हात परत पाठवायचा नाही. कुणीही नाचायला बोलावलं तर नको म्हणायचं नाही. हा नियम कशातून आला तेही सांगायला हवं. पहिल्याच वर्षी हुबळीहून धम्मानंद येऊ लागले. सरकारी नोकरीतले, अबोल, आणि हात असा अलगद धरणारे की नवख्या बाईलाही आपण नाचतो आहोत असं वाटावं. एकदा एका बाईने त्यांचं आडनाव विचारलं आणि ऐकल्यावर त्यांच्या पुढे आलेल्या हाताकडे न बघता "माझे पाय दुखतात" म्हणून ती खुर्चीवर जाऊन बसली. पुढच्याच गाण्याला ती दुसऱ्या कुणाबरोबर हसत नाचत होती. शुभांगीने तिथल्या तिथे गाणं बंद केलं आणि सगळ्यांसमोर तो नियम सांगितला. त्या दिवशी तिला आपण एक मोठं काम केलं असं वाटलं. आणि केलंच होतं, त्यात वाद नाही.

पण चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने केलेला नियमही शिळा होतो. शिळ्या अन्नाला वास तरी येतो. नियमाला तोही येत नाही.

त्या रविवारी आरशासमोर वेणी घालता घालता यमुना म्हणाली, "वहिनी, आज मला बाळूअण्णांबरोबर नको हं."

"का गं? काय म्हणाले काय तुला?"

"म्हणाले काहीच नाहीत. हात ओढतात हो. मागच्या खेपेला चार दिवस वरच्या फळीवर पुस्तक ठेवताना कळ येत होती."

शुभांगी हसली. "त्यांच्यात जोर आहे, दुसरं काय! तू अंग ताठ धरतेस म्हणून ओढ बसते. अंग सैल सोडायचं, कितीदा सांगितलंय."

कौसल्याबाई मेथीची जुडी झटकत म्हणाल्या, "बाळूअण्णा म्हणजे तेच नव्हं, दिवाळीला चिवडा घेऊन आल्याले? देवमाणूस बघ."

बाळूअण्णा, म्हणजे बाळकृष्ण, खरोखरच भला माणूस होता. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण तो वाईट असता तर ही गोष्ट घडलीच नसती. अमरगोळच्या बाजारात त्याची मिरचीची अडत. तरुणपणी बापाने शिस्त लावावी म्हणून हमालांबरोबर पोती उचलायला लावलं होतं, ते तो अजून छाती पुढे काढून सांगे. हॉल मिळवून दिला तो त्याने, कुणाच्या घरी आजारपण आलं तर गाडी घेऊन हजर होणारा तो. बायकांकडे त्याने कधी नजर वर करून बघितलं नाही. नाचताना मात्र तो पोती उचलायच्या हातांनीच नाचे. बाईला भिरकावून गिरकी द्यायची, ती पुरी व्हायच्या आत मनगट धरून हिसकायचं, आणि गाण्याच्या शेवटी न विचारता तिला एका हातावर मागे वाकवायचं. ह्या वाकवण्याला मंडळात डिप म्हणत. लोक टाळ्या वाजवत. बाई उठताना खांदा चोळत हसे, आणि अण्णाला ते हसणं पावतीसारखं वाटे.

मंडळातल्या सगळ्यांचं लक्ष अण्णांचे हात कुठे जातात ह्याकडे असे. ते हात काय करतात ह्याकडे कुणाचंच नव्हतं.

त्या संध्याकाळी तिसऱ्या गाण्याला बाळकृष्ण यमुनेसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. "चल तंगी!"

यमुनेने दोन्ही हात ओढणीमागे नेले. अगदी लहान पोर काहीतरी लपवताना नेतं तसे. तिने फक्त हॉलच्या पलीकडे शुभांगीकडे बघितलं. शुभांगीच्या हातात माईक होता. तिला ते हात दिसले. दिसले, पण त्याच वेळी तिच्या मनात आलं की आपल्याच घरच्या माणसाला सूट दिली तर उद्या बाकीचे काय म्हणतील. आणि ती माईकवरून हसत म्हणाली, "यमुनाअक्का, नियम सगळ्यांना सारखा हं! पुढे आलेला हात..."

"परत पाठवायचा नाही!" सगळ्यांनी एका सुरात वाक्य पुरं केलं.

यमुनेने ओढणीमागून हात काढला आणि दिला.

गाणं जलद होतं. पहिल्या गिरकीला तिचा पाय अडखळला. बाळकृष्णाला वाटलं, आपण सावरतो आहोत, म्हणून त्याने सारा जोर लावून तिला आपल्याकडे हिसकलं आणि तशीच मागे वाकवली. यमुना ओरडली. गाण्याच्या दणक्यात ते ओरडणं रंगात आल्यासारखं वाटलं आणि दोघातिघांनी शिट्ट्याही वाजवल्या. मग ती त्याच्या हातातून निसटली आणि हिसकलेल्या हाताच्याच खांद्यावर फरशीवर पडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी खांदा निखळल्याचं सांगितलं, आतलं हाडही तडकलं होतं. शस्त्रक्रिया करावी लागणार होती. "कशानं झालं हे? एवढा झटका कसा बसला?" त्यांनी विचारलं.

तेव्हा धावत आलेल्या कौसल्याबाई शेजारीच उभ्या होत्या. शुभांगीच्या मनात एका क्षणात सगळं येऊन गेलं. खरं सांगितलं की सासूबाई म्हणणार, परक्या पुरुषाच्या हातात हात दिल्यावर दुसरं काय होणार. बातमी पसरणार. मंडळ बंद. यमुना परत भिंतीला. यमुनाच कशाला, आठवड्यातला एकच दिवस मोकळा श्वास घेणाऱ्या कितीतरी बायका घरात कोंडल्या जाणार.

"पाय घसरला," शुभांगी म्हणाली. "फरशी गुळगुळीत होती."

स्ट्रेचरवर यमुनेने डोळे उघडले. वेदनेने तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने वहिनीकडे बघितलं आणि म्हणाली, "होय. पायच घसरला."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ह्या मुठीत काय झाकलं होतं ते दोघींनाही ठाऊक होतं, आणि मूठ होती एकीची, दुखत होतं दुसरीला.

यमुना घरी आली ती उजवा हात गळ्यात बांधूनच. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. यमुनेच्या खांद्यातून ते गेलंच नाही पुरतं. टाके निघाले, व्यायाम सुरू झाले, पण हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं, आता एवढाच. ग्रंथालयातल्या लोकांनी "बरं वाटलं की या" असं गोड शब्दांत सांगितलं आणि तिच्या जागी दुसरी मुलगी ठेवली. फळ्या उंच असतात, त्यांचा तरी काय दोष.

सगळ्यात जीवघेणी असे ती सकाळ. यमुनेला स्वतःची वेणी घालता येईना. कौसल्याबाई तिला पुढ्यात बसवून केस विंचरत आणि विंचरता विंचरता बोलत. "लहानपणापासनं अशीच धांदरट ही. आडावर पडली, गोठ्यात पडली. सासरी गेली, तिथं नशीब पडलं. पाय बघून टाकायला काय होतंय गं तुला?" यमुना गुडघ्यांत मान घालून ऐकत राही. शेजारच्या खोलीत शुभांगी कॉलेजची पर्स भरत असे. एक वाक्य बोलायचं होतं. आई, तिचा पाय घसरला नव्हता. ते वाक्य रोज तिच्या घशाशी येई आणि रोज ती ते चहाबरोबर गिळून बाहेर पडे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ज्याला म्हणतात तो यमुना खात होती, आणि तोंड दाबणारा हात शुभांगीचा होता. तिला हे कळत होतं. न कळण्याइतकी ती निर्बुद्ध नव्हती, तेवढीही सोय तिला नव्हती.

बाळकृष्ण भेटायला आला, पेढे आणि केळी घेऊन. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला. त्याचे डोळे खरोखरच ओले होते. "तंगी, तू अंग आवळून धरलीस बघ, म्हणून असं झालं. सैल सोडली असतीस तर मी सांभाळलो असतो की."

कौसल्याबाईंना त्याचं बोलणं मायेचं वाटलं. "तुम्ही होता म्हणून निदान लवकर दवाखान्यात तरी नेलात, अण्णा," असं म्हणून त्यांनी त्याला चहाबरोबर थालीपीठ खायचा आग्रह केला. यमुना छताकडे बघत पडली होती. शुभांगी स्वयंपाकघरात उभी होती. चहा उतू जाऊन शेगडी विझली तरी तिला कळलं नाही. अंग सैल सोड. हे शब्द अण्णाचे नव्हते. ते तिनेच शिकवलेले होते. प्रत्येक नवीन बाईला, वर्षानुवर्षं.

मग तिला मंडळ सोडून गेलेल्या बायका आठवू लागल्या. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाच्या मुलाची परीक्षा. त्यांतली एक हेमावती. हुबळीच्या कमरीपेठेत तिचं साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं छोटं दुकान. दर रविवारी बस बदलून धारवाडला यायची, आणि मग एकाएकी यायची बंद झाली. शुभांगी एका दुपारी तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

हेमावती मशीनवर बसली होती. गळ्याभोवती मानेचा पट्टा होता.

"हे कधीपासून?" शुभांगीने विचारलं.

"झालं की वर्ष." हेमावतीने मशीन थांबवलं. "बाळूअण्णांनी वाकवलं, तेव्हा मान अशी कट्‌ करून वाजली. तसंच हसत उठले बघा. टाळ्या वाजवालते सगळे."

"मला का नाही सांगितलंत, अक्का?"

"सांगितले असते तर काय म्हणाला असता तुम्ही?"

शुभांगीला उत्तर ठाऊक होतं. हेमावतीलाही होतं. ती कडवटपणे नाही, जरा थकल्यासारखी हसली. "आणि घरी तरी काय सांगायचं? अण्णांनी दुखवलं म्हटलं की घरचे पहिलं विचारतात, कुठं धरला? तसं कुठं धरलं नाही, नुसतं ओढलं, हे त्यांना कळतच नाही. एक तर तो वाईट असायला पायजे, नाहीतर मी खोटी. मधलं काय नाहीच. आणि ज्याला तोंडानं अण्णा म्हटलं त्याच्यावर असं किटाळ कसं आणायचं? म्हणून म्हटलं, पाहुणे आल्यात."

परतीच्या बसमध्ये शुभांगी खिडकीशी बसून होती. इतकी वर्षं आपण बायकांना मोकळं करतो आहोत ह्या समाधानात ती होती. तिने त्यांना घराबाहेर आणलं होतं, खरं. पण घरात जे त्यांना येत नव्हतं तेच तिने हॉलमध्येही काढून घेतलं होतं. घरी सासूला, नवऱ्याला, दिराला नाही म्हणता येत नाही. इथे कुणालाच नाही म्हणता येत नाही. गणपती करायला गेली आणि मारुती झाला. उतरायचा थांबा मागे गेला तेव्हा कंडक्टरने तिला हलवून विचारलं, कुठे जायचंय.

मंडळाचा वार्षिक मेळावा जवळ आला होता. बाळकृष्णाच्याच मनात आलं की यमुनेचा सत्कार करायचा. एवढं दुखणं सोसलं, हूं की चूं केलं नाही. तो स्वतः घरी येऊन कौसल्याबाईंना आमंत्रण देऊन गेला. शुभांगीने यमुनेला विचारलं, "जायचं का?"

"मला हॉल बघायचाय," यमुना म्हणाली. "घरात बसून गाणी आठवतात."

मेळाव्याला कौसल्याबाई पहिल्यांदाच हॉलमध्ये आल्या. नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन पहिल्या रांगेत बसल्या आणि जोड्या नाचताना बघून सुरुवातीला त्यांनी डोळे खाली घातले, मग हळूच वर केले. धम्मानंदांना नाचताना बघून तर त्या यमुनेच्या कानाला लागल्या, "हा माणूस बरा नाचतो की गं. बाईला कळतसुद्धा नसेल वळवल्यालं." यमुना हसली. किती तरी दिवसांनी.

सत्कार झाला. शाल अंगावर घालताना यमुनेचा उजवा हात वर होईना म्हणून शाल तिरकीच राहिली. टाळ्या थांबायच्या आत बाळकृष्ण पुढे आला. त्याने एक हळू लयीचं गाणं लावायला सांगितलं आणि आपला हात यमुनेपुढे धरला. "तंगी, एकच. अगदी सावकाश. डावा हात तर धड आहे की! भीती मोडली पायजे."

लोकांना गहिवर आला. पुन्हा टाळ्या पडू लागल्या. कौसल्याबाई म्हणाल्या, "जा गं. अण्णा एवढं बोलवालेत."

यमुनेने शुभांगीकडे बघितलं नाही. ह्या वेळी नाही. तिने समोरच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "ब्याड, अण्णा."

नको. एवढंच, कन्नडमधलं, अळणावरपासून हुबळीपर्यंत लेकराबाळांनाही कळणारं. हॉलमधल्या टाळ्या एकेक करून थांबल्या. बाळकृष्णाचा हात तसाच पुढे राहिला. "असं काय करतेस तंगी? नियम..."

"असं म्हणू नये बाई," कौसल्याबाई कुजबुजल्या. "त्यांना वाईट वाटंल."

शुभांगी माईक घेऊन उभी होती. तिने माईक खाली ठेवला आणि तशीच बोलली, त्यामुळे मागच्यांना पुढे सरकून ऐकावं लागलं. "अण्णा, हात खाली घ्या. यमुना नको म्हणाली आहे."

"म्हणजे? मी काय केलं? अक्का, इतक्या वर्षांत मी कुणा बाईकडे वाकड्या नजरेनं बघितलंय काय? सांगा की कुणीतरी!"

"नाही बघितलंत. नजरेचं कुणीच म्हणत नाही. तुम्ही हात ओढता, अण्णा. हिसकता. न विचारता वाकवता. हेमावतीअक्कांची मान तुमच्या हातून गेली आणि यमुनेचा खांदाही."

बाळकृष्णाचा चेहरा उतरला. "तंगीचा पाय घसरला होता. तिनंच सांगितलंय. डॉक्टरला सांगितलंय. विचारा तिला!"

आता मात्र शुभांगीला सासूबाईंकडे बघावं लागलं. "तिचा पाय घसरला नव्हता, आई. यांनी ओढलं आणि ती पडली. ती मला त्या दुपारी तुमच्यादेखतच म्हणाली होती, ह्यांच्याबरोबर नको. तिनं हात मागे लपवले होते, ते मला दिसले. मीच सगळ्यांसमोर तिला हात द्यायला लावला. दवाखान्यात खोटं बोलले तीही मी. तिनं माझ्यासाठी होय म्हटलं."

कुणीतरी गाणं बंद केलं. बाळकृष्ण खुर्चीवर बसला. आपल्या हातांकडे बघत तो म्हणाला, "कुणी सांगितलंच नाही मला. एकानं तरी सांगायचं." त्यात खोटं काही नव्हतं. मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याने मान वर केली. "पण अक्का, नियम काढलात तर उद्या परत धम्मानंदअण्णांचा हात कुणी नाकारलं तर? चालंल काय तुम्हाला?"

हाच प्रश्न शुभांगीला कमरीपेठेतून येताना बसमध्येही टोचत होता. धम्मानंद मागे उभे होते. ते फारसं बोलत नसत, आणि बोलले तेही जागेवरूनच.

"तेव्हा मला वाईट वाटलं होतं. अजून वाटतं. उद्या कुणी आडनाव विचारून हात नाकारलं तर मी तिथंच विचारीन, का नाकारलंस. पण मला हात मिळावा म्हणून यमुनाअक्कांचा हात मोडायला नको होता. माझ्या नावावर हे नको." ते थांबले. "आणि मीही बघितलं होतं त्यांनी हात मागे घेतलेलं. नियम माझ्यासाठी केलेला, म्हणून गप्प बसलो."

बघितलं तर सगळ्यांनीच होतं. हॉल मोठा नव्हता.

कौसल्याबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता ह्या बाई नाचावर, मंडळावर, सुनेवर तोंड सोडणार. त्यांनी लेकीच्या खांद्यावरची तिरकी शाल सरळ केली. "आणि मी रोज सकाळी तुला काय काय बोलले गं," त्या म्हणाल्या आणि तिथेच, अनोळखी माणसांत, पदर तोंडाला लावून रडल्या. सुनेकडे त्यांनी बघितलं नाही. घरी जातानाही रिक्षात त्या आणि यमुना मागे बसल्या आणि शुभांगीला पुढे ड्रायव्हरच्या कडेला जागा करून घ्यावी लागली.

मंडळ बंद पडलं नाही. नियम गेला. त्याच्या जागी नवा नियम करू या असं कुणी म्हणालं तेव्हा शुभांगीनेच थांबवलं. आधी विचारायला शिकू, ऐकायला शिकू, मग बघू. बाळकृष्ण येईनासा झाला. हेमावतीच्या दारी मात्र एकदा जाऊन आला म्हणतात. काय बोलला ते ठाऊक नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र जे घडलं ते सांगून ही गोष्ट संपवतो. कौसल्याबाई देवळात गेल्या होत्या. यमुना केस मोकळे सोडून अंगणाच्या पायरीवर बसली होती. शुभांगी कंगवा घेऊन तिच्यामागे जाऊन बसली. यमुनेने हरकत घेतली नाही. शुभांगीने गुंता सोडवला, भांग पाडला, तीन पेड घेतले. वेणी सैल पडली. ती सोडून तिने पुन्हा घातली.

"यमुना," ती शेवटी म्हणाली, "मला माफ कर गं. करशील ना?"

यमुना समोरच्या रस्त्याकडे बघत होती. कॉलेजला जाणाऱ्या पोरी हसत चालल्या होत्या. मग ती मान न वळवता, राग न धरता बोलली.

"वहिनी, तुम्ही असं विचारलात की मला होयच म्हणावं लागतं. थोडे दिवस विचारू नका."

शुभांगीने वेणीला रबर लावलं, कंगव्यात अडकलेले केस काढून हातात धरले, आणि तिच्या शेजारी बसून राहिली.